न मोजता सांगितलेला फॉल्ट

तारमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका गाडीत उलटे लटकले होते. पाय ड्रायव्हरच्या सीटवर, डोकं ब्रेकच्या पेडलपाशी आणि दातांत धरलेला छोटा टॉर्च. मी त्या गॅरेजात जॉबकार्ड लिहायला त्याच आठवड्यात लागले होते. गाडीला काय झालंय, कार्डावर काय लिहू, असं मी विचारलं. टॉर्च दातांतच ठेवून ते म्हणाले की अजून मोजलेलं नाही, मोजलं की सांगतो. ती ओळ मी दुपारपर्यंत कोरी ठेवली. मला वाटलं होतं, माणूस तुसडा आहे. पुढे कळलं की तुसडा नाही, त्यांचं व्रतच तसं होतं.

त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं वापरात यायचं. एरवी मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तारमास्तरच म्हणायचे. गाडीतली वायरिंग, सेन्सर, आणि गाडीचे ते सगळे छोटे कंप्युटर हे त्यांचं खातं. हल्लीच्या गाडीत एक कंप्युटर इंजिन चालवतो, एक ब्रेक बघतो, एक मीटरचे काटे हलवतो, आणि हे सगळे दोन बारीक तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या दोन तारा वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यातला एखादा कंप्युटर गप्प झाला की मीटरवर सगळे दिवे लागतात आणि गाडी जागची हलत नाही. दुसऱ्या गॅरेजांत अशी गाडी आली की स्कॅनर लावायचे, "इंजिनचा कंप्युटर उत्तर देत नाही" असं वाचायचे आणि कंप्युटरच बदलून टाकायचे. मास्तर यावर हसायचे. म्हणायचे, "एखाद्याला हाक मारली आणि ओ आली नाही, म्हणून तो मेला असं थोडंच असतं? आधी बघा, हाक पोचली का."

म्हणून ते आधी बॅटरी बघत, मग कंप्युटरला वीज आणि अर्थिंग नीट मिळतंय का ते बघत. तेसुद्धा नुसता पेटीतला मोजायचा मीटर लावून नाही, हेडलाइटचा बल्ब पेटवून, म्हणजे तारेत खरंच जोर आहे की नुसता दिखावा, ते कळायचं. मग त्या दोन तारांमधला रोध मोजत. साठ ओहम आला तर रस्ता ठीक. एकशेवीस आला तर एका टोकाकडचा रस्ता कुठेतरी तुटलाय. हे साठ आणि एकशेवीस मला इतक्या वेळा ऐकावे लागले, की हिशेब करता करता माझ्या तोंडून ते निघायचे. ताप आला तरी मी थर्मामीटर दोनदा लावायला लागले होते.

गॅरेजात पत्र्याचं काम करायचा तो त्यांचा मेहुणा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, धाकटा भाऊ. दिवसभर हातोडी घेऊन पोचे काढायचा म्हणून त्याचं नाव ठोक्या पडलं होतं, आणि ते त्याला आवडायचं. मास्तरांनीच त्याला कामाला लावलं होतं. राहायलाही तो त्यांच्याच घरी, पुढच्या खोलीत. वेल्डिंग इतकं सफाईदार करायचा, की रंग दिल्यावर जोड कुठे आहे ते त्यालाही सापडायचं नाही. फक्त तो बोलायचा फार. मास्तर तारांत डोकं घालून बसले, की हा पलीकडून पत्रा ठोकत बोलतच असायचा. "दाजी, तुमची तार बोलत नसेल तर मला सांगा, मी बोलतो तिच्याशी." मास्तरांना कधी हसू यायचं, कधी राग. घरी तोच, गॅरेजात तोच, चोवीस तास एकच तोंड समोर असलं की सख्ख्या भावाचाही वीट येतो, हा तर बायकोचा भाऊ.

आमच्याकडे एक नर्सबाई गाडी आणायच्या. घरोघरी अंथरुणाला खिळलेले पेशंट बघणं हे त्यांचं काम, त्यामुळे गाडी बंद म्हणजे हात बांधल्यासारखं. एकदा कुणीतरी त्यांच्या गाडीला डाव्या बाजूनं धडक दिली आणि दाराखालचा पत्रा फाटला. ठोक्यानं आतला गालिचा उचलून, फाटलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला. दोन दिवसांनी नर्सबाई एका पेशंटच्या दारात गाडी बंद करून आत गेल्या. परत आल्या तर चावी फिरवून इंजिन चालू होईना आणि मीटरवर सगळे दिवे. गाडी ओढून आमच्याकडे आणली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेल्डिंग करताना गाडीच्या बॅटरीची तार काढायची असते. नाही काढली तर वेल्डिंगचा करंट कंप्युटरमध्ये घुसतो आणि तो जळतो. गॅरेजातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी मास्तरांचं आणि ठोक्याचं घरातच काहीतरी वाजलं होतं. कारण अगदी क्षुल्लक होतं, पुढे दोघांनाही ते धड आठवेना. मास्तर आले तेच घुश्शात. गाडीला स्कॅनर लावला. बाकीचे कंप्युटर उत्तर देत होते, इंजिनचा देत नव्हता. मास्तरांनी मान वर करून ठोक्याला विचारलं, वेल्डिंग करताना बॅटरी काढली होतीस का? तो म्हणाला, काढली होती, दोन्ही तारा काढून वर फडकं टाकलं होतं.

मी काउंटरवर होते. मालक होते, नर्सबाई होत्या, दोन गिऱ्हाइकं होती. मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काढली असतीस तर हा बोलला असता. तुझं तोंड चालतं, तेवढं डोकं चालत नाही."

ठोक्या पुन्हा म्हणाला की मी काढली होती. या वेळी हळू म्हणाला. मालकांनी मला कार्डावर लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं, "वेल्डिंगमुळे इंजिनचा कंप्युटर जळाला." मास्तरांनी त्या दिवशी मीटर पेटीतून बाहेर काढलासुद्धा नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला, हे त्यांच्याकडून मी तेव्हा एकदाच पाहिलं. पण ते इतका काळ न मोजता काही बोलले नव्हते, की त्यांनी मोजलंच असणार असं आम्ही सगळे धरून चाललो.

नवा कंप्युटर आला, बसवला, आणि गाडी पहिल्या चावीला चालू झाली. मग तर शंकेला जागाच उरली नाही. मालकांनी ठोक्याला कामावरून काढलं. घरी वहिनींनी भावाला समोर बसवून सांगितलं की चूक कुणाचीही होते, एकदा कबूल कर आणि मोकळा हो. तो कबूल करीना. वहिनींना चुकीपेक्षा त्या हट्टाचा राग आला. त्या म्हणाल्या, खरं बोलायचं असेल तेव्हा ये. त्यानं कपड्यांची पिशवी भरली आणि बसनं तीन तासांवरच्या गावी निघून गेला. तिथे खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या एकाकडे लागला, असं कानावर आलं.

आठ महिन्यांनी नर्सबाईंची गाडी पुन्हा तशीच ओढून आणली. सगळे दिवे, इंजिन बंद, स्कॅनरला उत्तर नाही. नव्याकोऱ्या कंप्युटरचं उत्तर नाही. या वेळी मास्तरांनी पेटी उघडून मीटर काढला. एकशेवीस. पुढच्या सीटखालचा गालिचा हातानं दाबला, काटा साठवर गेला. हात काढला, परत एकशेवीस. त्यांनी सीट सोडवून बाहेर काढली, गालिचा उलटला. खाली दाराच्या बाजूनं जाणाऱ्या तारांच्या जुडीत एक जोड होता, वर काळी टेप. टेपच्या शेवटाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ.

तशी दोऱ्याची गाठ आमच्याकडे एकच माणूस मारायचा.

मलाही तेव्हाच आठवलं. त्याच्याआधी दीड-दोन वर्षं उंदरांनी त्या गाडीच्या तारा कुरतडल्या होत्या. मास्तर दुरुस्त करत होते आणि नर्सबाई काउंटरशी चुळबुळत उभ्या होत्या, एका म्हाताऱ्यांना वेळेवर इंजेक्शन द्यायचं होतं. जोडाला डाग द्यायचं सोल्डरिंग तापायला वेळ लागत होता. मास्तरांनी तार नुसती पिळून, टेप गुंडाळून, वर दोऱ्याची गाठ मारून त्यांना वाटेला लावलं. पुढच्या वेळी आलात की पक्कं करून देतो, म्हणाले होते. पुढच्या वेळी त्यांच्याही लक्षात राहिलं नाही आणि बाईंच्याही. ओल्या पायपुसण्याचं पाणी टेपमध्ये शिरत राहिलं आणि तांब्याला हिरवा गंज चढला. ठोक्यानं गालिचा उचलला तेव्हा तो जोड हलला असणार. नवा कंप्युटर बसवताना तारा ओढल्या गेल्या तेव्हा तो परत चिकटला असणार. बस, एवढंच.

मास्तरांनी कपाटातून जुना कंप्युटर काढला. नर्सबाईंनी तो नको म्हणून आमच्याकडेच टाकला होता. तारेचा जोड हातानं धरून त्यांनी जुना लावला आणि स्कॅनर चालू केला. जुन्यानं ताबडतोब उत्तर दिलं. तो कधी जळलेलाच नव्हता.

मी पाच-सहा पावलांवर उभी होते, हातात कोरं जॉबकार्ड. त्यांनी माझ्याकडे न बघता जुना काढला, नवा परत लावला, गंजलेला भाग कापून नवी तार घातली, सोल्डर केली. आवरून झाल्यावर मी विचारलं, मास्तर, काय लिहू? "तार जोडली, असं लिहा. एवढंच लिहा," ते म्हणाले.

मी तेवढंच लिहिलं. मला सगळं कळलं होतं आणि मी मूग गिळून बसले. घरचा मामला आहे, आपण कोण, असं मनाला समजावलं. नोकरी तिथेच करायची होती, रोज त्यांच्याच समोर बसायचं होतं, हेही खरं. मला वाटलं, आज ना उद्या तेच सांगतील. त्यांनाही बहुधा तसंच वाटत होतं. पण पहिल्या दिवशी जे एका वाक्याचं काम असतं, ते महिन्यानं सांगायला निमित्त लागतं, आणि वर्षानं सांगायचं म्हटलं तर आधी वर्षभर का गप्प बसलो ते सांगावं लागतं. ठोक्या तिकडे रुळला आहे, त्याचं लग्न झालं, अशा बातम्या यायच्या. मास्तर ऐकायचे, मान हलवायचे आणि कामाला लागायचे. त्यांच्यात फरक एकच पडला. पत्र्याच्या कामाची गाडी आली, की ते ठोक्याच्या जागी आलेल्या नव्या डेंटरला काहीही न विचारता स्वतः जाऊन बॅटरीच्या तारा काढून यायचे.

मधल्या काळात वहिनींची आई गेली. ठोक्या आला होता. अंगणाच्या कडेला उभा राहिला, सगळं झाल्यावर बहिणीकडे बघत थांबला. वहिनींनी मान वळवली. मी तिथे होते, आणि मास्तरही होते, भिंतीला टेकून उभे. ठोक्या आला तसा बसला बसमध्ये आणि गेला.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका दुपारी शेजारणीशी बोलताना वहिनींचा कशावरून तरी वाद झाला. शेजारीण म्हणाली, तुमच्या यजमानांनी सांगितलं म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ झाली? वहिनी म्हणाल्या, "हो, रेघच. माझा नवरा मोजल्याशिवाय शब्द काढत नाही. त्यांच्या शब्दावर मी पाठचा भाऊ सोडला." मास्तर आतल्या खोलीत सुट्टीचे पडले होते. त्यांनी ते ऐकलं.

शेजारीण गेल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. पुढचं मला वहिनींनीच सांगितलं. त्या तेव्हा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तुम्हांला कधी कळलं?"

आठ महिन्यांनी, मास्तर म्हणाले.

वहिनींनी ढिगातल्या उरलेल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आई गेली तेव्हा तुम्हांला माहीत होतं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी एकट्याच बसनं भावाकडे गेल्या आणि चार दिवसांनी परतल्या. बहीण-भावांत काय बोलणं झालं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मास्तरांना म्हणाल्या की तुमच्या वतीनं मी काही बोलले नाही, तुमचं तुम्ही जाऊन बोला.

मास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, त्या दिवशी मी त्याला बोललो तेव्हा तुम्ही समोर होतात, आताही तुम्ही समोर असायला हव्यात. मालक तोवर राहिले नव्हते, नर्सबाई निवृत्त होऊन कुठे गेल्या ते ठाऊक नव्हतं. साक्षीदारांपैकी हाताशी उरलेली मीच. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. खिडकीतून बाहेर बघता बघता मी एकदाची म्हणाले, "मास्तर, मलाही माहीत होतं. तुम्ही जुना कंप्युटर लावून पाहिलात तेव्हा मी मागे उभी होते."

ते म्हणाले, "माहीत आहे. एरवी तुम्ही कार्डासाठी दहा प्रश्न विचारायच्यात. त्या दिवशी एकच विचारलात."

ठोक्याचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि तीन भिंती. समोर अर्धवट झालेलं फाटक उभं होतं. तो जाड झाला होता, केस गेले होते आणि मुख्य म्हणजे बोलत नव्हता. आम्हांला बसायला स्टूल दिले, पाणी दिलं. मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, तार, टेप, दोऱ्याची गाठ, जुना कंप्युटर. सांगताना कुठेही स्वतःला सूट दिली नाही. सकाळच्या भांडणाचा रागही आडोशाला घेतला नाही. शेवटी म्हणाले, "तू बॅटरी काढली होतीस. मी मोजलं नव्हतं. चूक माझी होती, आणि नंतर गप्प बसलो ती त्याहून मोठी."

ठोक्या हातातल्या फडक्यानं बोटं पुसत राहिला. मग म्हणाला, "दाजी, खरं सांगू? मी त्या दिवशी बॅटरी काढली होती की नाही, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. पहिलं वर्षभर मी छातीठोक सांगायचो. मग वाटायला लागलं, दाजी म्हणतात, ताई म्हणते, सगळेच म्हणतात, तर आपणच विसरलो असू. नंतर इथे एक-दोन गाड्यांची कामं घेतली. बॅटरी काढायचो, दहा पावलं जायचो, परत येऊन बघायचो. तीन-तीनदा बघायचो. शेवटी म्हटलं, गाड्या नकोतच. फाटकाला बॅटरी नसते."

तो विनोद होता बहुतेक. कुणी हसलं नाही.

मास्तरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ठोक्या शिव्या देईल, अंगावर येईल, दारातून हाकलेल, या सगळ्याची त्यांनी तयारी केली असणार. या उत्तराची नव्हती. ते पुन्हा म्हणाले, काढली होतीस तू. ठोक्या म्हणाला, तुम्ही म्हणता तर काढली असेन. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी दाजी म्हणाले म्हणून नव्हती काढली, आता दाजी म्हणतात म्हणून काढली होती. त्याचं स्वतःचं असं त्या दिवसातलं काहीच त्याच्याकडे उरलं नव्हतं.

मास्तरांनी त्याला परत गॅरेजात यायला सांगितलं. नवे मालक ओळखीचे आहेत, शब्द टाकतो, म्हणाले. ठोक्यानं नकार दिला, पण गोड शब्दांत दिला. म्हणाला, गाडीचा पत्रा पातळ असतो, आता हाताला जाड लोखंडाची सवय झाली. मग त्यानं आम्हांला बसस्टँडपर्यंत सोडलं आणि बस सुटेपर्यंत उभा राहिला.

गॅरेजात परतल्यावर मास्तरांनी माझ्याकडे ते जुनं जॉबकार्ड मागितलं. त्यावरची ओळ त्यांना स्वतःच्या हातानं खोडायची होती. पण मालक बदलले तेव्हा जुने गठ्ठे रद्दीत गेले होते. दोन दिवस आम्ही माळ्यावर शोधलं. मिळालं नाही.

आता वहिनी महिन्यातून एकदा भावाकडे जातात. भाचीला खेळवतात, भावजयीशी त्यांचं छान जमतं. मास्तरही कधी कधी बरोबर जातात. ठोक्या त्यांना स्टूल देतो, वेल्डिंग मशीनची वायर कुठे गरम होते ते दाखवतो. मास्तर मीटर काढून मोजतात, तो शेजारी उभा राहून बघतो. दोघं पंधरा-वीस वाक्यं बोलत असतील. तेवढी पूर्वी एकटा ठोक्या एका दमात बोलायचा.

मास्तर निवृत्त झाले तरी अवघड गाडी अडली की गॅरेजवाले त्यांना बोलावतात, आणि ते फॉल्ट काढूनही देतात. हातातलं कसब कुठे गेलेलं नाही. घरात भांडण नाही, अबोला नाही, वहिनी पूर्वीसारख्याच सगळं वेळेवर करतात. फक्त नवऱ्याला कुठलीही गोष्ट दोनदा विचारतात. दार लावलं का, गोळी घेतली का, नळ बंद केला का. एकदा विचारतात आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारतात. मास्तर दोन्ही वेळा उत्तर देतात.